चव काढून ठेवलाय

दुपारी जेवणं आटपल्यावर नारळ कानाशी धरून हलवत उभी होते, आत पाणी डुचमळलं, जरा बरं वाटलं, आणि तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, नाताळचा केक शनिवारी करायचाय ना? मग आजपासून काय?" आता हिला काय सांगायचं. ओल्या खोबऱ्याचा केक ज्या दिवशी करायचा त्याच दिवशी नारळ फोडायला घेतला की केक रात्री उशिरा ओव्हनमधून बाहेर येतो आणि तोवर करणारीची खायची इच्छा संपलेली असते.

खरं कारण वेगळंच आहे म्हणा. लोणी बघून कळतं, दूध वासावरून कळतं, अंडं पाण्यात टाकून बघता येतं. नारळाचं फोडेपर्यंत काही म्हणजे काही कळत नाही. डोळे कोरडे आहेत, बुरशी नाही, हाताला जड लागतोय, पाणी वाजतंय, सगळं बघून आणला तरी खवट निघायचा तो निघतोच. म्हणून मी आधी फोडते. लोक त्याला पूर्वतयारी म्हणतात, मीही म्हणू देते, पण ती मुळात भीती आहे.

आधी पाणी काढायचं. 3 डोळ्यांपैकी एकच मऊ असतो, कोंब यायचा झाला तर तोही तिथूनच येतो, तो शोधून त्यात स्क्रूड्रायव्हर घालायचा. हो, स्क्रूड्रायव्हरच, आता तो चमच्यांच्या ड्रॉवरमध्येच राहतो. पाणी वाटीत काढून घोटभर चाखायचं, आंबूस लागलं की नारळ बाद, नाहीतर ते फ्रिजमध्ये, केकच्या थरांवर शिंपडायला. शनिवारपर्यंत ते टिकत नाही, कारण येताजाता कोणीतरी पितं. बहुतेकदा मीच.

लहानपणी स्क्रूड्रायव्हर वगैरे नव्हतं. बाबा नारळ डाव्या हाताच्या तळव्यावर धरायचे आणि कोयत्याच्या पाठीने मधोमध टक टक करत फिरवत जायचे, आम्ही भावंडं खाली पातेलं धरून, डोळे त्या रेघेवर, आत्ता तडा जाईल, आत्ता जाईल. मग पाणी आळीपाळीने, आणि दादाचा घोट मोठा होता यावरून रडारड. तोवर आजी विळी घेऊन बसलेली असायची. तिचा नियम एकच, करवंटी जवळ आली की हात थांबवायचा, ताटात तपकिरी कण दिसता कामा नये. आम्ही ताटातून चिमटीचिमटीने पळवायचो, ती न बघितल्यासारखं करायची, पण खोवणीच्या दात्यांजवळ हात गेला की आवाज चढायचा, "अगं, बोटं खोवशील!" नुसता तो पांढरा ढीग, साखर नाही काही नाही. खरं सांगू का, मला अजून केकपेक्षा तो ढीग जास्त आवडतो, फक्त हे घरात कोणाला सांगितलेलं नाही.

तपकिरी कणाचा आजार मला तिच्याकडूनच लागलाय. त्याने बिघडत काहीच नाही, पण पांढऱ्या आयसिंगवर तो ठिपका दिसला की मला दुसरं काही दिसत नाही. म्हणून मी पाणी काढलेला नारळ ओव्हनमध्ये 180 डिग्रीला 15 मिनिटं ठेवते, (पाणी काढूनच हं, आत वाफ कोंडली तर नारळाचा फटाका होईल), खोबरं आकसतं, करवंटी सोडतं, मग सोलाण्याने साल काढत बसायचं. कंटाळवाणं काम आहे आणि मला ते मनापासून आवडतं, कारण तेवढा वेळ कोणी काही विचारायला येत नाही, आलं तर हातात सोलाणं मिळतं.

खवलेला चव पातळ थापून पिशव्यांमध्ये, थेट फ्रीझरमध्ये. गोळा करून ठेवला की नंतर दगड फोडल्यासारखा फोडावा लागतो. दूध मात्र आदल्या दिवशीच काढायचं, ते फार थांबत नाही. कोमट पाणी घालून मिक्सर, फडक्यातून पिळायचं, पहिलं दाट तेवढंच घ्यायचं. फ्रिजमध्ये रात्रीतून साय वर आणि पाणी खाली होतं, ते बघून घरात दरवेळी कोणीतरी "फाटलं!" म्हणून ओरडतं. फाटलेलं नसतं, खोबरेल 24 डिग्रीच्या खाली थिजतंच, त्याला कोण काय करणार. बाहेर काढून कोमट होऊ द्यायचं, ढवळायचं, तसंच गार ओतलं तर मात्र फेटलेल्या लोण्याच्या गुठळ्या होतात.

आता लेकीचा मुद्दा असा की डेसिकेटेडचं पाकीट मिळतं. मिळतं ना. पण त्यात पाणी 3 टक्क्यांच्या आसपास आणि ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मं, एकाच्या जागी दुसरं तेवढंच घातलं की केक एकतर कोरडा भुसा नाहीतर गिच्च. हे मी तिला ऐकवलं. ती म्हणाली, मग रेसिपीत दूध कमीजास्त कर. बरोबर आहे तिचं, पण मी काही बोलले नाही.

आणि एक नारळ नेहमी जास्तीचा आणते, पहिला खवट निघाला तर असावा म्हणून. पहिला चांगला निघतो, बहुतेकदा निघतोच, मग हा दुसरा ओट्यावर बसून राहतो आणि घरातला प्रत्येकजण मला विचारतो याचं काय करायचं. मला काय माहीत! ठेवा तिथेच.