आधी उतरायचं, मग चढायचं

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या खोल दरीत उतरायची सहल ठरली, आणि टूर कंपनीच्या फॉर्मवर प्रश्न होता: पाठीवर वजन घेऊन किती तास चालू शकता? वहिनीने खुशाल 'सहा' लिहून टाकलं. मग त्या सहाची तयारी करणं आलंच.

ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात आम्ही दोघी अधूनमधून जायचोच. पण ग्रँड कॅन्यनचा हिशेब सह्याद्रीच्या उलटा. आपल्याकडे ताज्या पायांनी गड चढायचा आणि दमल्यावर उतरायचं. तिथे सकाळच्या गारव्यात उतरायचं आणि ऊन तापल्यावर चढून वर यायचं. त्यासाठी घोडबंदर रोडवरचं आमचं एकविसाव्या मजल्यावरचं घर कामी आलं. जिन्याने खाली, भाजी-दूध घ्यायचं आणि ते ओझं घेऊन जिन्यानेच वर. वॉचमनकाका सुरुवातीला आवर्जून सांगायचे, "मॅडम, लिफ्ट चालू आहे." नंतर त्यांनी नाद सोडला.

लास वेगासहून व्हॅन निघाली, मागे तंबू आणि भांड्यांचा ट्रेलर. झायन नॅशनल पार्कमध्ये व्हर्जिन नदीच्या पात्रातून काठी टेकत चाललो. पाणी गारढोण, तळाचे गोटे निसरडे. ब्राइस कॅन्यनचा कडा २४०० मीटरच्याही वर आहे. वाळवंट म्हणून सुती कपडे भरलेल्यांची तिथे रात्री दातखीळ बसली. आम्ही स्वेटर, कानटोपी आणि दोन-दोन मोजे घालून झोपलो, तरी पहाटे तंबूच्या कापडावर हिम होतं. पेज नावाच्या गावी मोबाइलचं घड्याळ तासाने मागेपुढे व्हायचं, कारण अ‍ॅरिझोना उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायची पद्धत) पाळत नाही आणि शेजारच्या नवाहो आदिवासींच्या भूमीत ती पाळतात. शेवटी सगळे गाइडच्या मनगटाकडे बघून चालायला लागलो.

ग्रँड कॅन्यनला ब्राइट एंजल वाटेने उजाडायच्या आत उतरायला लागलो. सुमारे २७ कोटी वर्षांचा चुनखडक वरच्या कड्यावर, आणि खाली नदीपाशी दीडशे कोटींहूनही जुना खडक. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटींचा, म्हणजे तिथला वरचा थरही आपल्याहून थोरला. खेचरांचा तांडा आला की कड्यापासून दूर, डोंगराच्या अंगाला चिकटून गप्प उभं राहायचं. त्यांचा मान पहिला.

४.८ किलोमीटरवर निवारा आहे. गाइडने तिथूनच मागे फिरायला सांगितलं. "ताई, अजून थोडं जाऊ या ना, पाय जरासुद्धा दुखत नाहीयेत," वहिनी म्हणाली. गाइडने नुसतं वर बोट दाखवलं. उतरलेल्या वाटेत सहाशे मीटरहून जास्त चढ होता आणि उतरायला लागलेल्या वेळाच्या दुप्पट वेळ धरायचा, हा तिथला ठोकताळा.

खरी गंमत घामाची. ठाण्यात मे महिन्यात स्टेशनपर्यंत गेलं तरी कुर्ता पाठीला चिकटतो, आणि त्यावरून आपल्याला कळतं की आता पाणी प्यायला हवं. तिथली हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो. चढताना मला वाटत होतं, बरं आहे, घाम नाही. निम्म्या वाटेवर सॅक उतरवली तर पट्ट्यांखाली कुर्त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा. म्हणून तहानेची वाट बघायची नाही. आणि नुसतं पाणी ढोसायचंही नाही. रक्तातलं मीठ कमी झालं की मळमळ, गुंगी, पुढे त्याहून वाईट. आमच्या खाऱ्या शेंगदाण्यांवर आणि इलेक्ट्रालच्या पाकिटांवर सगळ्या ग्रुपचा डोळा होता. वहिनीचा मेतकूटभात मात्र कोणी ओळखला नाही. मीही त्यांचे थंड सँडविच चवीने खाल्ले, असं म्हणवत नाही.

जाणार असाल तर महिना विचार करून निवडा. तिथेही जुलै ते सप्टेंबर मध्यापर्यंत पावसाळा असतो. पाऊस दूर कुठेतरी पडतो, डोक्यावर निळं आभाळ असतं आणि अरुंद घळीत लोंढा येतो. ऑगस्ट १९९७ मध्ये अँटेलोप कॅन्यनमध्ये अशाच लोंढ्यात ११ पर्यटक गेले. आम्ही सप्टेंबरअखेर निघणारी बॅच घेतली, आणि मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी व्हिसा मुलाखतीचा निकाल लागेपर्यंत फक्त परत मिळणारी आगाऊ रक्कम भरली होती.