टिटोनंतरचे आठ जण

बेलग्रेडला ट्रॉलीबसमधून उतरलो, समोरचा चढ चढलो आणि धापा टाकतच ‘कुचा त्स्वेचा’त, म्हणजे फुलांच्या घरात शिरलो. युगोस्लाव्हियाचे मार्शल टिटो यांची समाधी इथे आहे. पांढऱ्या संगमरवराची शिळा, त्यावर नाव आणि १८९२–१९८०. बस्स. एवढ्या मोठ्या कम्युनिस्ट पुढाऱ्याच्या थडग्यावर लाल ताराही नाही! शेजारी पत्नी योवान्का; त्यांना २०१३ मध्ये इथे आणलं.

मी जास्त वेळ रेंगाळलो तो ‘श्ताफेता’ पाहत. टिटोंच्या वाढदिवसाला देशभरातून पोरंपोरी धावत हे दंडुके हातोहात बेलग्रेडला पोचवायची, आत शुभेच्छांचं पत्र. जन्म ७ मेचा, सोहळा मात्र २५ मेला! एक लाकडी दंडुका मधल्या पकडीपाशी काळपट पडला होता. घामानं असेल.

नेहरू, नासर, टिटो हे त्रिकूट आपण शाळेत अलिप्ततावादाच्या धड्यात घोकलेलं. अलिप्त राष्ट्रांची पहिली शिखर परिषद १९६१ मध्ये याच शहरात भरली. टिटोंच्या अंत्यविधीला इंदिरा गांधीही आल्या होत्या.

पण मला कुतूहल होतं पुढच्यांचं. टिटो गेल्यावर देश आठ जणांच्या अध्यक्ष मंडळाकडे आला: सहा प्रजासत्ताकांचे सहा, सर्बियातल्या व्होय्वोदिना आणि कोसोव्हो या स्वायत्त प्रांतांचे दोन. अध्यक्षपद दरवर्षी पाळीपाळीनं. अगदी आमच्या सोसायटीच्या चेअरमनपदासारखं, आणि भांडणंही तशीच. मे १९९१ मध्ये पाळी आली क्रोएशियाच्या स्त्येपान मेसिच यांची, तर त्यांना लागणारी पाच मतंच पडेनात. जूनअखेर कसेबसे ते खुर्चीवर बसले, तोवर स्लोव्हेनिया आणि क्रोएशियानं स्वातंत्र्य जाहीरही केलेलं. म्हणजे ज्यांचं राज्य बाहेर पडायला निघालं, तेच उरलेल्या देशाचे अध्यक्ष! डिसेंबरात त्यांनी पद सोडलं. पुढे हेच गृहस्थ दहा वर्षं क्रोएशियाचे राष्ट्राध्यक्ष होते.

बाहेर बाकावर एक आजोबा बसले होते. मोडक्या इंग्रजीत त्यांना विचारलं, टिटोंनंतर कोण कोण अध्यक्ष झाले? ते उत्साहानं बोटांवर मोजू लागले. चौथ्या बोटाशी अडले, परत पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा चौथ्याशीच अडले. मग हसत हात झटकला आणि पिशवीतलं एक जर्दाळू माझ्यापुढे धरलं.