जावाचं टायमिंग कानाने लावू नका

जुनी जावा २५० मोटरसायकल असणाऱ्या सगळ्यांना कळकळीने सांगतो, टायमिंग (पिस्टन वर पोचण्याच्या किती आधी स्पार्क पडतो ते) कानाने लावू देऊ नका. आवाज ऐकून पॉइंटची (उघडला की स्पार्क पडतो तो छोटा स्विच) प्लेट सरकवायची, "आता बघा कशी पळते" म्हणायचं आणि सोडून द्यायचं, हे बऱ्याच ठिकाणी चालतं आणि गाडी पळतेही, पण नक्की किती ॲडव्हान्स (स्पार्क किती आधी पडतो ते) बसलाय हे कुणालाच माहीत नसतं. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ ला बंद झाला, तेव्हा टायमिंग फार पुढे राहून पिस्टनला भोक पडलं तर चांगला पिस्टन शोधत फिरायची वेळ आपल्यावरच येते.

आधी पॉइंटचा गॅप, मग टायमिंग. हा क्रम उलटा केला तर सगळी मेहनत वाया, कारण गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग आपोआप पुढे जातं. पॉइंट पूर्ण उघडा असताना फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पानांचं माप) ०.४ मिमी ठेवायचा, पान अडकत अडकत सरकलं पाहिजे. पॉइंट काळेनिळे पडले असतील तर कंडेन्सर (पॉइंटवर ठिणग्या उडू न देणारा भाग) आधी बघा.

मग प्लग काढून तिथे डायल गेज (पिस्टन किती मिमी हलला ते काट्याने दाखवणारं माप) बसवायचा. इंजिन हळू फिरवत जिथे काटा थांबून उलटा फिरतो ते टीडीसी, म्हणजे पिस्टनची सगळ्यात वरची जागा, तिथे शून्य करायचं. (पिस्टन वर टेकल्यावर क्रँक थोडा फिरला तरी तो हलल्यासारखा वाटत नाही, त्यामुळे प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून अंदाज घेणं मला अजिबात पटत नाही.) आता इंजिन मागे न्यायचं, चांगलं पाचेक मिमी, आणि मग चालतं त्याच दिशेने पुढे आणायचं म्हणजे मधला ढिलेपणा निघून जातो. पॉइंटची वायर आणि बॉडी यांच्यात ६ व्होल्टचा छोटा बल्ब लावा, इग्निशन ऑन. पॉइंट बंद आहे तोवर बल्ब विझलेला, उघडला की पेटतो. काटा टीडीसीच्या आधी ३ ते ३.५ मिमीच्या मधे असताना बल्ब पेटला पाहिजे. मी स्वतः ३ च्या जवळ ठेवतो, आताच्या पेट्रोलवर आणि घाटात डबलसीट जाताना जीवाला घोर नको.

उशिरा पेटत असेल तर प्लेटचे स्क्रू ढिले करून प्लेट कॅम (पॉइंट उघडणारा फिरता उंचवटा) फिरतो त्याच्या उलट दिशेला किंचित सरकवा, लवकर पेटत असेल तर कॅमच्या दिशेला. किंचित म्हणजे खरंच किंचित! स्क्रू आवळताना प्लेट हलते म्हणून आवळून झाल्यावर परत एकदा बल्ब बघायचाच.

टायमिंग मागे राहिलं तर गाडी ओढत नाही आणि सायलेन्सर नको इतका तापतो, फार पुढे गेलं तर किक उलटी मारते आणि चढावर इंजिन खडखडतं. तो खडखडाट ऐकू आला की गाडी लगेच थांबवा, पिस्टन तिथेच जातो.

अजून एक, नवीन पॉइंट टाकले की त्याची कॅमवर घासणारी फायबरची टाच सुरुवातीला भराभर झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे सरकतं. म्हणून थोडी चालवल्यावर गॅप पुन्हा तपासा, आणि कॅमला घासणाऱ्या फेल्टवर ऑइलचा एकच थेंब टाका, जास्त टाकलंत तर ते पॉइंटवर उडून स्पार्कच जाईल.