खिम्यातले जंतू आणि साठ कापांचा हिशोब

बीफच्या अख्ख्या तुकड्यावर जंतू असलेच तर बहुधा वरच्या अंगाला असतात. तवा कडक तापवून सगळ्या बाजूंनी भाजलं की मरतात. त्याचाच खिमा केला की वरचं आत जातं. शिवाय कारखान्यातला खिमा एकाच जनावराचा नसतो. अनेक जनावरांची छाटण एकत्र दळतात. एका धडाला लागलेलं शेण कितीतरी पाकिटांत पोचतं.

अमेरिकेतली १९०६ च्या कायद्याखालची मांसतपासणी म्हणजे धड बघायचं, गाठी चाचपायच्या. क्षयाच्या गाठी अशा सापडतात, शेणातून येणारा ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जंतू सापडत नाही. १९९३ मध्ये ‘जॅक इन द बॉक्स’ या तिथल्या हॉटेल-साखळीच्या नीट न शिजलेल्या बर्गरमधून सातशेवर लोक आजारी पडले, चार मुलं दगावली. मग १९९४ मध्ये सरकारने ठरवलं की कच्च्या खिम्यात हा जंतू निघाला तर माल भेसळीचा धरायचा. १९९६ मध्ये हॅसेपचा नियम आला: चूक कुठे होऊ शकते ते आधी हेरायचं आणि तिथेच आवरायचं.

चूक होते ती मुख्यतः कातडं सोलताना. म्हणून दोन सुऱ्या हव्यात, एक हातात आणि दुसरी ८२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात. पहिल्या छेदानंतर सुरी बदलायची आणि पुढे कातडं आतून बाहेर कापायचं. गुदद्वार सोडवून पिशवीत बांधायचं, अन्ननलिकेला चिमटा लावायचा. शेणाचा डाग दिसला तर सुरीने काढायचा. पाणी मारलं की तो पसरतो. लॅक्टिक आम्लाचा फवारा त्यानंतर. डागावरच फवारलं तर आम्ल खालपर्यंत पोचत नाही.

आणि चाचणी? छाटणीच्या लॉटमधून ६० पातळ काप घेतात. लॉटमधले ५ टक्के तुकडे दूषित असतील तर निदान एक तरी दूषित काप हाती लागायची शक्यता ९५ टक्के. एकच टक्का असतील तर जेमतेम ४५. म्हणजे सर्वांत स्वच्छ दिसणाऱ्या लॉटमध्येच चाचणी सर्वांत आंधळी. ‘निगेटिव्ह’ शेरा बघून सोलणाऱ्यांची लाइन वेगाने पळवणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

साल्मोनेला या दुसऱ्या जंतूचं घोडं मात्र अडलेलंच. खिम्यात तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडला, एवढ्यावरून कारखान्यातली सरकारी तपासणी थांबवता, म्हणजे कारखानाच बंद पाडता येणार नाही, असं २००१ मध्ये ‘सुप्रीम बीफ’ खटल्यात अपील न्यायालयाने म्हटलं. नीट शिजवल्यावर तो मरतो, हा त्यामागचा एक आधार. अहो, मरतो तर ओ१५७ सुद्धा! कच्च्या कोंबडीतल्या साल्मोनेलासाठी २०२४ मध्ये मांडलेला नियमाचा मसुदाही २०२५ मध्ये मागे घेतला गेला.

थोडक्यात, शेवटची जबाबदारी स्वयंपाकघरावर. खिम्याला ७१ अंश, कोंबडीला ७४. थर्मामीटर पॅटीच्या कडेने आडवा, मध्यापर्यंत खुपसायचा. वरून टोचला तर तव्याचंच तापमान दाखवतो. रंगावर जाऊ नका, खिमा ७१ अंशांच्या आधीही तपकिरी दिसू शकतो.