लेझर नको, सुया चालतील: माझ्या गालांवरच्या खड्ड्यांची गोष्ट

माझ्या गालांवर दोन तक्रारी होत्या: कॉलेजच्या वयातल्या मुरुमांनी पाडलेले खड्डे आणि त्यांच्याभोवती राहिलेले काळे डाग. घरात, पार्लरमध्ये सगळे दोन्हींना सरसकट ‘डाग’च म्हणायचे. उपाय ठरवायचा तर मात्र हे आधी वेगळे करावे लागतात. काळेपणा हा रंगाचा प्रश्न, आणि तो बहुतेकदा कातडीच्या वरच्या थरात असतो. खड्डा पडतो तो खालचं कोलॅजन, म्हणजे कातडीला आतून भरीव ठेवणारं प्रथिन, नष्ट झाल्यामुळे. म्हणून सौम्य पीलने, म्हणजे ॲसिड लावून वरची कातडी सोलवल्याने, डाग फिके होतात, पण खोल खड्डे भरून येत नाहीत.

मी मालवणची. आमचा होड्यांचा धंदा आहे. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत माझा बराचसा दिवस जेट्टीवर जातो, वरून ऊन आणि खालून पाण्यावरची तिरीप. पुढचं सगळं या एका गोष्टीवर ठरलं.

आधी कोल्हापूरला एका क्लिनिकमध्ये गेले होते. तिथल्या काउन्सेलरने चेहऱ्याचे फोटो काढले आणि लगेच फ्रॅक्शनल सीओटू लेझरचं पॅकेज पुढे ठेवलं. मी काम काय करते, उन्हात किती असते, जखम भरल्यावर माझी कातडी काळी पडते का, यातलं काहीही विचारलं नाही. मला डास चावला तरी त्याचा डाग महिनाभर जात नाही. हे मीच सांगितलं, तर “क्रीम देऊ” एवढंच उत्तर मिळालं. पैसे न भरता परत आले.

नंतर कुडाळला त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडे गेले. त्यांनी खोलीतला दिवा बंद केला, बाजूने टॉर्च धरला आणि दोन बोटांनी माझा गाल ताणला. ताणल्यावर काही खड्डे दिसेनासे झाले, काही होते तसेच राहिले. आरसा हातात देऊन त्यांनी मला ते दाखवलं. ताणल्यावर जातात ते उथळ, लाटेसारखे. खालच्या धाग्यांनी त्यांना आत ओढून धरलेलं असतं. सुईच्या भोकासारखे अरुंद आणि खोल असतात ते ‘आइस पिक’. त्यांच्यावर सगळ्या चेहऱ्याचं लेझरही फारसं चालत नाही, एकेक खड्डा वेगळा हाताळावा लागतो. माझ्या गालांवर दोन्ही प्रकार होते.

लेझर वाईट का, असं मी विचारलंच. मॅडम म्हणाल्या, “वाईट मुळीच नाही. खड्ड्यांवर ते चांगलं काम करतं. पण तुमची कातडी आणि तुमचं काम बघून मी आधी दुसरं करीन.” सीओटू लेझर कातडीतल्या पाण्याला तापवतं आणि बारीक बारीक ठिकाणी कातडी जाळतं. कातडी उन्हाला कशी वागते त्यावरून फिट्झपॅट्रिक नावाच्या डॉक्टरांनी 6 प्रकार केलेत, त्यातला माझा 5वा. आपल्याकडे 4 आणि 5 हेच जास्त. अशा कातडीला उष्णता लागली की ती रंग जास्त तयार करते. खड्डा थोडा भरायचा आणि सगळा गाल काळवंडायचा. मायक्रोनीडलिंगमध्ये बारीक सुया टोचतात, उष्णता नसते, त्यामुळे ही भीती कमी. फरक हळू पडतो, पण पडतो.

मग वेळ ठरली पावसाळ्याची. तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात, मी घरात असते. त्याआधी काही आठवडे रात्री लावायचं मलम आणि रोज सनस्क्रीन, कातडी तयार करायला. सनस्क्रीन किमान एसपीएफ 30चं आणि रंग असलेलं. त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा उजेडही अडवतं. चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटं भरून, आणि बाहेर असेन तर दर 2 तासांनी पुन्हा. ढग असले तरी सुटका नाही, अतिनील किरण ढगांतून येतात.

डागांसाठी सॅलिसिलिक ॲसिडचं पील झालं. पाच मिनिटं चुरचुरलं, मग दोन-तीन दिवस नाकाजवळची कातडी कोंड्यासारखी सुटली. खोल खड्ड्यांत मॅडमनी टूथपिकच्या टोकाने तीव्र टीसीए ॲसिड टेकवलं. बघता बघता तो ठिपका खडूसारखा पांढरा झाला, नंतर खपली धरली. ही खपली नखाने काढायची नाही, हे मी इथे मोठ्याने सांगते. सुयांच्या वेळी आधी बधिर करणारं मलम लावतात. तरी कपाळावर हाडाजवळ चांगलंच कळतं. रक्ताचे बारीक ठिपके येतात, ते सलाइनच्या बोळ्याने पुसतात. सासूबाई माझा लाल चेहरा बघून म्हणाल्या, “गो बाय, तोंडार सुयो कित्याक टोचून घेतंस?” आणि मग त्यांनीच आठवडाभर मला चुलीपाशी येऊ दिलं नाही.

कोलॅजन तयार व्हायला महिने लागतात, म्हणून दोन बैठकांत अंतर ठेवतात. डाग आधी गेले. खड्डे गणपतीपर्यंत मला स्वतःला जाणवण्याइतके उथळ झाले. पूर्ण जात नाहीत, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

तुम्ही जाणार असाल तर न विचारताही सांगा: मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का, ओठांवर नागीण उठते का, जखमेचे व्रण फुगतात का, दिवस गेलेत का, ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे का. गोरं करणाऱ्या ट्यूब लावत असाल तर तेही सांगा. कितीतरी ट्यूबांत स्टेरॉइड असतं. आणि ऑनलाइन मिळणारा डर्मारोलर, म्हणजे बारीक सुयांचा रोलर, घरी फिरवू नका, मुरुम चालू असताना तर अजिबातच नाही.

माझे काही उथळ खड्डे अजून आहेत. आतले धागे सुईने सोडवायची सबसिजन नावाची पद्धत आहे, ती मॅडमनी सुचवलीय. आता सीझन सुरू झालाय, तेव्हा ते जूननंतर.