यांच्यात काकू कुणीच नाहीत?

"आई, यांच्यात काकू कुणीच नाहीत का गं?"

टीव्हीवर ॲमेझॉन योद्ध्यांची, म्हणजे ग्रीक पुराणकथांतल्या लढवय्या बायकांची, फौज धावत होती. सगळ्या पंचविशीतल्या, केस मोकळे, पोट उघडं. (तिथेच भाला बसला तर?) लेक भाकरीचा तुकडा हातात धरून उत्तराची वाट बघत होती.

मी 46 ची. प्रश्न जरा लागलाच.

मग आठवलं. रशियात व्होरोनेझ भागात देवित्सा गावाजवळ 2019 मध्ये सिथियन (गवताळ मैदानांवरचे प्राचीन घोडेस्वार भटके लोक) काळातलं एक थडगं उकरलं होतं. आत चौघीजणी, सोबत बाण नि भाले. एकीचे पाय घोड्यावर मांड टाकल्यासारखे. धाकटी 12-13 वर्षांची. आणि थोरली? 45-50 ची, डोक्यावर सोन्याचं शिरोभूषण!

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "मग हिलाच का नाही घेतलं सिरियलमध्ये?"