मॅड मेन परत आलं, आणि माझं सगळं लक्ष केबिनींवर

मॅड मेन ही साठच्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या एका जाहिरात कंपनीवरची अमेरिकन सिरीयल, तिच्यासाठी दीड वर्षं वाट बघायला लावली होती बाबा या लोकांनी. चौथा सीझन ऑक्टोबर २०१० ला संपला होता आणि पाचवा सुरू झाला थेट २५ मार्च २०१२ ला, मधे चॅनल, स्टुडिओ आणि सिरीयलचा कर्ता मॅथ्यू वायनर यांची करारावरून ओढाताण चाललेली. पण पहिला दोन तासांचा भाग बघितला आणि सगळा राग गेला. (पुढे स्पॉयलर आहेत, बघितलं नसेल तर आधी बघून या.)

तेव्हा सगळीकडे चर्चा होती नायक ड्रेपरच्या नव्या बायकोच्या, मेगनच्या, त्या फ्रेंच गाण्याची, ड्रेपरच्या चाळिशीच्या पार्टीत ती सगळ्यांसमोर गाते ते. छान आहे ते. पण मला ही सिरीयल आवडते ती ऑफिससाठी, आणि यात कोण कुठे बसतं एवढं जरी बघत गेलं ना तरी अख्खं साठचं दशक कळतं. पेगी १९६० मध्ये सेक्रेटरी म्हणून आली, कॉपीरायटर झाली तरी झेरॉक्सचं अवाढव्य मशीन आणून ठेवलं तिच्याच खोलीत, शेवटी तिने सरळ मोठा पार्टनर रॉजरकडे जाऊन ऑफिसातून गेलेल्या फ्रेडीची रिकामी केबिन मागून घेतली. मागितली म्हणून मिळाली, आपणहून कोणी दिली नसती.

आता पार्टनर पीटचं बघा. नवीन धंदा आणतोय तो, आणि त्याच्या केबिनमध्ये मधोमध खांब! रॉजर काही आणत नाही, पीटच्या मीटिंगांची वेळ सेक्रेटरीकडून काढून आयता जाऊन बसतो, पण केबिन ऐसपैस त्याचीच. पीट सगळ्या पार्टनरांना मुद्दाम स्वतःच्या खोलीत कोंबून मीटिंग घेतो तो सीन मी दोनदा बघितला, कारण नोकरी केलेल्या माणसाला ते बरोब्बर लागतं, पगार वाढला तरी केबिन मिळेपर्यंत आपल्याला मोजतायत असं वाटत नाही. शेवटी रॉजर स्वतःची सोडत नाहीच, ऑफिसातल्याच हॅरीला रोख पैसे देऊन त्याची खिडकीवाली केबिन पीटला देतो.

पण या सीझनचा खरा विषय सुरू होतो अगदी पहिल्या सीनला. १९६६, न्यूयॉर्कमधल्या जाहिरात कंपन्यांच्या मॅडिसन ॲव्हेन्यूवर काळे लोक गरिबीविरोधात निदर्शनं करतायत आणि यंग अँड रुबिकॅम या दुसऱ्या जाहिरात कंपनीची माणसं वरून त्यांच्यावर पाण्याच्या पिशव्या टाकतात. हे खरंच घडलेलं, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्समध्ये आलेलं. आपली मंडळी, म्हणजे ड्रेपरची कंपनी, यंग अँड रुबिकॅमची खिल्ली उडवायला 'आम्ही सगळ्यांना समान संधी देतो' अशी जाहिरात देतात, आणि भागाच्या शेवटी लॉबी भरून काळे उमेदवार उभे. पार्टनर लेन बिचारा पुरुषांना परत पाठवतो, फक्त सेक्रेटरी हव्यात म्हणून. आणि तीच जाहिरात वाचून ऑफिसचा कारभार बघणाऱ्या आणि सध्या घरी बाळाला घेऊन बसलेल्या जोनला वाटतं आपली जागा गेली!

त्यातून आली काळी सेक्रेटरी डॉन चेंबर्स, ड्रेपरच्या दाराबाहेरच्या टेबलावर. दंगलीमुळे रात्री हार्लेमला, न्यूयॉर्कमधल्या काळ्या लोकांच्या वस्तीत, घरी जाता येत नाही म्हणून ऑफिसातच झोपलेली असते, पेगी तिला घरी नेते, बिअर पिऊन मनापासून सांगते की मीही तुझ्याच जागी होते, कॉपीरायटर व्हायचंय का तुला? डॉन म्हणते नको, मला माझं काम आवडतं. मग पेगीची नजर टेबलावरच्या स्वतःच्या पर्सकडे जाते, त्यात रॉजरकडून उकळलेले पैसे, आणि डॉनला ते दिसतं. कोणी काही बोलत नाही. सकाळी पर्सवर आभाराची चिठ्ठी ठेवून डॉन गेलेली. पेगीसारखी चांगली बाईसुद्धा तिथे अडखळते आणि लेखकांनी तिला वाचवलं नाही, मला वाटतं हा या सीझनच्या सुरुवातीच्या भागांतला सगळ्यात चांगला सीन.

फक्त एक तक्रार, त्या सीनमध्येही आपण पेगीच्याच डोळ्यांनी बघतो. डॉन घरी जाऊन आईला काय सांगते, ऑफिसातल्या या माणसांबद्दल तिचं मत काय, काहीच कळत नाही, तोवर कॅमेरा हार्लेमला गेलेलाच नव्हता. चार सीझन पीटच्या तक्रारी ऐकल्या, एक अख्खा भाग तिला द्यायला हवा होता.